सातवं बिस्किट

मर्व्हिन पॅस्को एकतीस वर्षं लोकर कातरणाऱ्या गड्यांचा आचारी होता आणि त्या एकतीस वर्षांत त्याच्या हातच्या जेवणाला कुणी चांगलं म्हटलं नाही. वाईटही म्हटलं नाही, एक वेळ सोडली तर. कातरणारे गडी जेवताना बोलत नाहीत. दोन तास मेंढ्या कातरायच्या, घंटा झाली की बसायचं, ताटात असेल ते पोटात ढकलायचं, पुन्हा घंटा झाली की उठायचं. ताट रिकामं झालं म्हणजे जेवण बरं होतं, एवढीच पावती. मर्व्हिन ती गुमान घेत आला.

ती एक वेळ म्हणजे सन त्र्याऐंशीची, यारावी कुरणावरची. कातरणीच्या शेडमध्ये आचारी मालक ठेवत नाही, गडी ठेवतात, आणि नकोसा झाला तर गडीच हात वर करून त्याला काढतात. सहाव्या आठवड्यात अकरा जणांपैकी नऊ जणांनी हात वर केले. उरलेल्या दोघांतला एक झोपला होता आणि दुसऱ्याचा हात मेंढीच्या लाथेमुळे गळ्यात बांधलेला होता. कारण कुणी सांगितलं नाही. विचारायची पद्धतही नव्हती. मर्व्हिनने तीन सुऱ्या फडक्यात गुंडाळल्या, मोठं पातेलं गाडीत टाकलं आणि दोनशे किलोमीटरवरच्या मुरांडीला, आपल्या घरी आला. रस्सा, असं त्याने वाटेत ठरवून टाकलं. मटणाच्या रश्शानेच घात केला असणार. पुढे त्याने दुसऱ्या शेडमध्ये आणखी बावीस वर्षं रांधलं, पण रश्शात जवाचे दाणे म्हणून पुन्हा घातले नाहीत.

आचारीपण सुटल्यावर तो मुरांडीच्या शेतकी प्रदर्शनात दर ऑक्टोबरला मनुक्यांचा केक ठेवू लागला. एकोणीस वर्षं. पहिल्या वर्षी परीक्षकांनी चिठ्ठीवर लिहिलं, ‘तळाला जाळीचे वळ.’ दुसऱ्या वर्षी, ‘मनुके खाली बसले.’ पाचव्या वर्षी नुसतंच, ‘हं.’ त्याची बायको ईनिड होती तोवर म्हणायची, “मर्व्ह, तू रांधतोस बरं, पण ते दिसायला दमलेलं दिसतं.” ईनिड जाऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून प्रदर्शनातून परत आलेला केक टिब खायची. टिब ही त्याची केल्पी कुत्री, वय बारा, मेंढ्या हाकायचं काम सोडून तिलाही बरीच वर्षं झाली होती. गुरांच्या डॉक्टरीणबाईंनी एकदा तिचं वजन केलं आणि मर्व्हिनकडे बघून म्हणाल्या, “मनुके कुत्र्याला विष असतात हे ठाऊक आहे ना तुम्हाला? ही जिवंत कशी राहिली?”

“ती मनुके बाजूला काढून ठेवते,” मर्व्हिन म्हणाला.

कुत्रीनेही मनुके बाजूला काढून ठेवावेत, असा हा त्याचा केक. त्या दिवसापासून तो टिबसाठी बिस्किटं भाजू लागला. मेंढीची कलेजी उकडून बारीक करायची, त्यात ओट, जाडसर पीठ, किसलेला लाल भोपळा, एक अंडं. कांदा नाही, मीठ नाही, मनुके तर नाहीतच. पीठ बोटाच्या जाडीचं लाटायचं, चहाच्या डब्याच्या झाकणाने गोल कापायचं, भट्टीत चाळीस मिनिटं, आणि मग भट्टी बंद करून दार थोडं उघडं ठेवून आतच सुकू द्यायचं. डॉक्टरीणबाईंनी टिबला रोज एक नेमून दिलं होतं, दुपारी चारचं. उरलेली घेऊन मर्व्हिन शुक्रवारी मेंढीबाजारात जायचा. तिथे पिकअप ओळीने उभ्या असतात आणि प्रत्येकीच्या मागच्या फळीवर एक कुत्रं बांधलेलं असतं. मर्व्हिन कोपऱ्यावर वळायच्या आधीच ती सगळी उभी राहायची.

कुत्र्यांचा निकाल त्याला मान्य होता. पण कुत्रं मेलेल्या कावळ्यालाही तशीच शेपूट हलवतं, हेही त्याने आयुष्यभर पाहिलं होतं.

या वर्षीच्या प्रदर्शनाच्या यादीत नवा विभाग निघाला. क्रमांक दोनशे चौदा: कुत्र्यांची बिस्किटं, घरी भाजलेली, सहा नग, कागदी ताटलीत. मर्व्हिनने ते उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं, मग टिबला वाचून दाखवलं. हे शेवटचं, असं त्याने ठरवलं. एकदा तरी कुणीतरी दोन पायांच्या माणसाने त्याच्या हातच्या पदार्थाशेजारी रंगीत कार्ड ठेवावं. पहिलं नको, तिसरं चालेल. नाहीच ठेवलं, तर यादी चुलीत, भट्टी बंद आणि टिबला दुकानातलं पुडक्यातलं खाणं.

शनिवारी सकाळी साडेआठला तो पत्र्याच्या हॉलमध्ये पोचला. सोळा बिस्किटं केली होती. जाळीवर निवत न ठेवता फडक्यावर ठेवली होती, वळ उठू नयेत म्हणून. त्यातली चांगली निवडता यावीत म्हणून सगळाच डबा सोबत आणला होता.

टेबलामागे ग्लेनिस हार्टविग बसली होती. ती बेकरी विभागाची प्रमुख. तिने स्वतःच्या सख्ख्या बहिणीचा केक परत पाठवला होता, ताटली अर्धा इंच मोठी होती म्हणून. दोघी तीन नाताळ बोलल्या नव्हत्या.

“कितवा विभाग?” तिने विचारलं.

“दोनशे चौदा.”

“केक नाही या वर्षी?”

“नाही.”

“बरं झालं,” ग्लेनिस म्हणाली. मनात काही नव्हतं तिच्या. “मांड तिकडे खिडकीपाशी. आणि पटकन मांड, पावणेनऊला दार बंद.”

मर्व्हिनने ताटलीत बिस्किटं मांडली, वर पारदर्शक कागद लावला, क्रमांकाची चिठ्ठी सरळ केली आणि डबा काखेत मारून बाहेर आला. पावणेनऊला दार बंद झालं. आता परीक्षकांचं काम होईपर्यंत, म्हणजे बारापर्यंत, आत कुणालाही प्रवेश नव्हता.

बाहेरच्या बाकावर ग्लेनिसचा नवरा लेस बसला होता. दरवर्षी तो तिथेच बसायचा, कारण बायको आत असताना घरी काय करायचं हे त्याला सुचत नसे. लेसने चाळीस वर्षं मेंढ्या कातरल्या होत्या आणि त्याची पाठ आता कायमची मेंढी धरल्यासारखी वाकलेली होती. त्र्याऐंशीत तोही यारावीला होता.

“ये, मर्व्ह्या, टेक. म्हातारीलाबी आणलंस व्हय?”

टिब दोघांच्या मध्ये बसली. मर्व्हिनने डबा मांडीवर ठेवला.

“राहिल्याली काय ती?” लेस म्हणाला. “किती हायती?”

मर्व्हिनने झाकण उघडून मोजली. “नऊ.”

“आन् केलीस किती?”

“सोळा.”

मर्व्हिनने पुन्हा डब्यात पाहिलं. लेसनेही पाहिलं. कातरणाऱ्याला वजाबाकी येते, दिवसभर तो मेंढ्याच मोजत असतो.

“टिबला दिलं असशील येक,” लेस म्हणाला.

“तिचं चार वाजता असतं.”

“वाटंत पडलं असंल.”

“डब्याला झाकण आहे, लेस.”

“मंग सात मांडलीस तू.”

“सात मांडली,” मर्व्हिन म्हणाला. त्याचा आवाज अगदी सरळ होता. “यादीत सहा लिहिलंय. मी तीनदा वाचलं. टिबलाही वाचून दाखवलं.”

नियम असा, की ताटलीत सहाच्या जागी सात असली तर परीक्षक कागद उचलतसुद्धा नाहीत. कार्ड ठेवतात, पण पांढरं. त्यावर ‘यादीप्रमाणे नाही’ असं लिहिलेलं असतं, आणि ते दिवसभर सगळ्या गावाला वाचायला तिथेच राहतं.

लेसने दाराकडे पाहिलं. “ग्लेनिसला हाक मारू का?”

“ती उघडेल?”

“न्हाई,” लेस म्हणाला. “माझ्या बापाला हार्ट अटॅक आलता तवाबी तिनं बारा वाजायची वाट बघितली व्हती.”

शेजारच्या मैदानात मेंढ्या हाकण्याची शर्यत सुरू झाली. शर्यत संपवून येणारी कुत्री वासाने बाकापाशी थांबत होती. मर्व्हिन त्यांना एकेक बिस्किट देत राहिला. हाताला काहीतरी काम हवं होतं.

“पर सात कशापायी, लेका?” लेसने बऱ्याच वेळाने विचारलं.

“सवय. माणसं सहा असली की सात करायची. शेवटचं कुणी उचलत नाही ना. बरोबर सहा ठेवली तर पाचच खाल्ली जातात आणि एकजण लाजून उपाशी उठतो. एक जास्त ठेवलं की सहा पोटात जातात, सातवं ताटलीत राहतं. एकतीस वर्षं असंच करत आलो.”

लेस त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याने टोपी काढली, आत पाहिलं आणि पुन्हा घातली.

“आरं तेच की,” तो म्हणाला.

“काय तेच?”

“यारावी. म्या हात वर केलता तवा.”

“तू केला होतास?”

“दोन्ही केले व्हते.”

एकेचाळीस वर्षं त्याने हे विचारलं नव्हतं.

“मटनाचा चॉप,” लेस म्हणाला. “आमी अकरा गडी, आन् परातीत चॉप बारा. रोज. सा आठवडे. त्यो बारावा चॉप मधी पडलेला आन् समदे त्याच्याकडं बगत्यात. घ्यायचा कुनी? घेतला तर हावरा म्हनत्याल. येक दिस त्यो मोठा श्मिट हाय न्हवं, त्यानं उचलला. त्याच्या भावानं बघितला. दोगं भाऊ, येकाच पिकअपनं आले, दोन गाड्यांनी घरी गेले. बुधवारी… न्हाई, गुरुवारी शेडच्या मागं मारामारी झाली. येकाचा दात पडला. कशापायी? चॉपपायी. मालक म्हनला, मेंढ्या कमी कातरून व्हायल्यात दिसाला. मंग आमी बसलो आन् ठरीवलं, आचारी बदला.”

“मला सांगायचं होतंत. मी अकरा केले असते.”

“कुनी सांगायचं? ज्यो सांगंल त्यो त्या चॉपावर डोळा ठेवून हाय आसं झालं असतं.”

हे खरं होतं. मर्व्हिनला ते लगेच पटलं.

“मग रस्सा?” त्याने विचारलं.

“रश्शाचं काय?”

“रस्सा कसा होता?”

“रस्सा ब्येस व्हता,” लेस म्हणाला. “त्यात ते जवाचं दानं घालायचास. तसला पुन्ना कुटं खाल्ला न्हाई.”

मर्व्हिनने डब्याचं झाकण लावलं आणि पुन्हा उघडलं. समोरून एक ठिपक्यांचं कुत्रं आलं, त्याला त्याने आठवं दिलं. डब्यात एक उरलं. ते दोघांनीही पाहिलं आणि दोघंही दुसरीकडे बघू लागले.

बाराला दार उघडलं. मर्व्हिन घाई न करता आत गेला. आधी केकांकडे गेला, मग मुरंब्यांकडे, मग लोणच्यांकडे, आणि कुठेच जायचं उरलं नाही तेव्हा खिडकीपाशी आला.

दोनशे चौदामध्ये पाच ताटल्या होत्या. निळं कार्ड डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यातल्या मुलीला, तिने हाडाच्या आकाराची केली होती. लाल कार्ड पाद्र्याच्या बायकोला. एका ताटलीपुढे पांढरं, ‘यादीप्रमाणे नाही’, तिच्यात आठ होती. एकीपुढे काहीच नाही. आणि मर्व्हिनच्या ताटलीपुढे हिरवं, तिसरं. खाली पेन्सिलने लिहिलेलं: ‘आकार साधा. रंग एकसारखा. वळ नाहीत.’

त्याने बिस्किटं मोजली. सहा. उलट्या बाजूने मोजली. तरी सहा.

ग्लेनिस चहाच्या बंबापाशी उभी होती. हातात कप, शेजारी आणखी दोन रिकामे.

“ग्लेनिस, माझ्या ताटलीत सात होती.”

“होती. नऊला पाच कमी असताना मोजली मी.”

“तू एक काढलंस?”

ग्लेनिसने कप खाली ठेवला. “मी? प्रवेशिका हलवायची नाही, बदलायची नाही, टाकून द्यायची नाही. नियम अकरा. एकोणीस वर्षं मीच लिहितेय तो.”

“मग सातवं गेलं कुठे?”

“खायचं नाही असं त्यात लिहिलेलं नाही,” ग्लेनिस म्हणाली.

मर्व्हिन तिच्याकडे बघत राहिला. तिच्या कॉलरवर ओटचा एक कण होता.

“कलेजी आहे त्यात,” तो म्हणाला.

“कळलं मला.”

“आणि ती आठवाली ताटली?”

“दोन खायची माझी तयारी नव्हती.” तिने उरलेला चहा संपवला. “पुढच्या वर्षी नियम दुरुस्त करणार आहे. तेव्हा नीट मोजून आण.”

मर्व्हिनला जायला हवं होतं, पण पाय निघेना. शेवटी त्याने विचारलं, “कसं होतं?”

ग्लेनिसने विचार केला. तिला खोटं बोलता येत नसे, सबंध तालुक्याला ते ठाऊक होतं.

“मीठ कमी आहे,” ती म्हणाली.

“कुत्र्यांना मीठ चालत नाही.”

“मग बरोबर आहे.” आणि ती मुरंब्यांच्या टेबलाकडे वळली, कुणीतरी बरणीला हात लावत होतं.

मर्व्हिन बाहेर आला. हिरवं कार्ड पाचपर्यंत ताटलीपुढेच ठेवायचं असतं, त्यामुळे हात रिकामेच होते. टिब बाकाखाली झोपली होती. डबा उघडा, आत ते एक बिस्किट तसंच.

“मिळालं?” लेसने विचारलं.

“तिसरं.”

“पाचात?”

“पाचात.”

लेसने मान हलवली. मग त्याने डब्यात हात घातला, शेवटचं बिस्किट उचललं, गुडघ्यावर दाबून मोडलं आणि अर्धं टिबच्या तोंडापुढे धरलं. चार वाजायला बराच अवकाश होता, पण टिबने तो मुद्दा काढला नाही. उरलेलं अर्धं लेसने स्वतःच्या तोंडात टाकलं आणि मैदानाकडे बघत सावकाश चावू लागला.

मर्व्हिन शेजारी बसला. त्याने काही विचारलं नाही. कातरणारे गडी जेवताना बोलत नाहीत.