मिलानने ओढलेला ब्लाइंड

'डॅड पास्ड अवे धिस आर्व्हो.' आज दुपारी डॅड गेले, असा अनाचा मेसेज आला तेव्हा मी वेरिबी स्टेशनच्या कार पार्कमध्ये सईच्या ट्रेनची वाट बघत बसले होते. अनाचा डॅड म्हणजे मिलान, आमचा शेजारी. कामावरच हार्ट अटॅक आला, खाली बसला तो उठलाच नाही. सई गाडीत बसली, माझ्याकडे बघून म्हणाली, ''मम्, हू डाइड?'' ''मिलान,'' मी म्हणाले. कामावरून येताना चहाला यायचं कबूल केलं होतं त्याने, मी चकल्या काढून ठेवल्या होत्या...

अकरा वर्षांपूर्वी आम्ही हे घर घेतलं आणि पहिल्याच आठवड्यात सईने नेटबॉलने स्वयंपाकघराची खिडकी फोडली. आवाज ऐकून कुंपणापलीकडून एक उंच, किरकोळ माणूस काहीही न विचारता आला, माप घेऊन गेला आणि संध्याकाळच्या आत नवी काच बसवून मोकळा झाला. खिडक्यांच्या काचा बसवणं हाच त्याचा धंदा होता. मी चहा दिला. त्याने खुर्ची भिंतीला टेकवली, बसण्याआधी खिडकीचा ब्लाइंड अर्ध्यापर्यंत खाली ओढला आणि म्हणाला, ''ग्लेअर.'' डोळ्यांवर ऊन येतं म्हणे! दक्षिणेकडची खिडकी ती, आणि इथे दक्षिण गोलार्धात सूर्य उत्तरेकडून जातो, तिथे कसलं आलंय ऊन! पण नव्या शेजाऱ्याशी पहिल्याच दिवशी हुज्जत कोण घालणार? त्यानंतर दर रविवारी तो यायचा. तीन चमचे साखर, चकली असली तर चकली, आणि ब्लाइंड खाली. ''आला आमचा अंधारकोठडीवाला,'' असं संजय, माझा नवरा, त्याच्या तोंडावर मराठीत म्हणायचा आणि मिलान न कळताच हसायचा.

तो युगोस्लाव्हियाचा. तो देश फुटला आणि आपसातच लढाई जुंपली तेव्हा हा अठ्ठावीस वर्षांचा होता, गावातल्या रायफल क्लबचा चॅम्पियन. अशाच क्लबांतली माणसं गोळा करून त्याच्या बाजूच्या सैन्याने नेमबाजांची एक बटालियन उभी केली. त्यात एक दाताचा डॉक्टर होता, एक गणिताचा मास्तर होता. हे त्याने सईला सांगितलं, तिच्या शाळेच्या प्रोजेक्टसाठी. ''आमचं काम म्हणजे वाट बघणं,'' तो म्हणाला. छपरावर दिवसभर पालथं पडून राहायचं. नदीपलीकडे त्याच्याच गावाचा दुसरा अर्धा भाग होता. रायफलवरच्या दुर्बिणीतून माणूस इतका जवळ दिसतो म्हणे, की त्याने आज दाढी केली नाही हेही कळतं. सईने विचारलं, ''डिड यू नो देम?'' ''काहींना,'' तो म्हणाला आणि आणखी एक चकली घेतली. ती दुर्बीण त्याने जपून ठेवली होती, लोकरीच्या मोज्यात गुंडाळून.

गेल्या वर्षीच्या खंडेनवमीला मी घोटाळा केला. घरातली हत्यारं-अवजारं मांडून त्यांची पूजा करायचा हा दिवस. आमच्याकडे लढाईची हत्यारं कुठली असायला? लॅपटॉप, संजयचे पाने, गाडीची किल्ली, एवढंच मांडतो. मला उत्साह फार. मी मिलानला म्हटलं, ''तू खरा सैनिक, तुझी दुर्बीण आण ना पूजेला!'' तो 'नाही' म्हणाला नाही, मोज्यासकट घेऊन आला. मी तिला हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला, ओवाळलं. त्याने विचारलं, ''तिच्याकडे काय मागतेस?'' मी फुशारकीने सांगितलं, ''जिने साथ दिली तिचे आभार मानतो, आणि पुढेही असंच यश दे म्हणतो.'' त्याच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. तो उठला आणि निघून गेला. दुर्बीण तशीच राहिली.

मग रविवार येत राहिले, मिलान काही आला नाही. मला आधी रागच आला. एवढा मान दिला, तर याचं भलतंच! संजय एकदा म्हणाला, ''त्या काचेतून त्याने काय बघितलं, ते कधी विचारलंस का गं?'' ते मनाला लागलं. एप्रिलमध्ये मी डबा घेऊन त्याच्या दारात गेले आणि सॉरी म्हटलं. त्याने डबा घेतला आणि पायरीवर बसला. मग म्हणाला, ''सकाळ होती. एका बाईने स्वयंपाकघराचा ब्लाइंड वर केला. आम्हाला सांगितलं होतं, त्या खिडकीतून आमच्यावर पाळत ठेवतात. मी गोळी झाडली. नंतर दुर्बिणीतून नीट बघितलं. तिच्या हातात किटली होती.''

मग त्यानेच विचारलं, ''तुमच्या त्या पूजेत माफी मागता येते का?'' येते की, प्रत्येक पूजेच्या शेवटी मागतात, चुकलंमाकलं क्षमा कर म्हणून. ''मग तू मागितलीस?'' मागितली नव्हती. त्या दिवशी शिरा करपायला लागला होता, ते म्हणायचं राहूनच गेलं होतं. मी खरं ते सांगितलं. तो म्हणाला, ''पुढच्या पूजेला विसरू नकोस.'' पुढच्या रविवारी तो आला, खुर्ची भिंतीला टेकवली, ब्लाइंड ओढला. दुर्बीण मात्र परत नेली नाही. अनाला यातलं काही माहीत नव्हतं. तिला मराठी वाचता येत नाही, म्हणूनच इथे लिहायचं धाडस करते आहे.

तो गेला त्याला सहा आठवडे झाले आणि खंडेनवमी आली. मी दुर्बीण मांडली. कुंकू लावलं नाही, एक फूल तेवढं ठेवलं. शेवटी हात जोडून क्षमा मागितली, पण कुणाच्या नावाने मागायची ते कळेना. त्या बाईचं नाव त्यालाही माहीत नव्हतं. रडू आवरेना मला. ज्याच्यासाठी हे करायचं होतं तो खुर्चीत नव्हता.

त्याच दुपारी अना माझे स्टीलचे डबे परत द्यायला आली, तिच्या बापाच्या ओट्यावर राहिलेले. ''सिट, माधुरी, आय'ल मेक द टी,'' म्हणत तिने किटली भरली. ''इट्स सो डार्क इन हिअर,'' असं म्हणून ब्लाइंडची दोरी ओढली. तो सर्रकन वर गेला. मिलानने शेवटचा ओढला तेव्हापासून मी त्या ब्लाइंडला हात लावला नव्हता. ''ही ऑल्वेज पुल्ड इट डाउन. अॅट होम टू. व्हाय?'' तिने वळून विचारलं. हातात किटली, मागे उघडी खिडकी.

''ग्लेअर,'' मी म्हणाले. मग उठले आणि खिडकीत तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले.