अर्ध्या सुळ्याचे हत्ती

माघातल्या सकाळी ओल्या शाडूला एक थंड, निळसर वास येतो, रात्रभर गोणपाटाखाली झाकून ठेवलेल्या ओलाव्याचा. पेणमधला आमचा गणपतीचा कारखाना म्हणजे घराच्या पडवीला पत्रे वाढवून केलेली एक लांबट खोली. बाबा तिथले गोणपाट बाजूला करीत आणि तो वास माझ्या इस्तरी केलेल्या गणवेशाला लागे. शाळेत मी त्याविषयी कधी बोलले नाही. इंग्रजी शाळेतल्या त्या वर्षांत पुष्कळ गोष्टींविषयी बोलायचे नसते असे मी आपणहून शिकले होते, आणि न बोलणाऱ्या माणसाला जी पाहत राहण्याची सवय लागते, ती मला तेव्हाच लागली.

अशाच एका सकाळी काकाचे पत्र आले. काका बाबांचा धाकटा भाऊ. मी रांगत होते तेव्हा तो अमेरिकेतल्या एका लहान गावात, पोलादाच्या कारखान्यात इंजिनिअर म्हणून गेला, आणि मला तो ठाऊक होता तो त्याच्या तिरप्या अक्षरातूनच. सुरुवातीच्या पत्रांत बर्फ असे, खिडकी असे, आणि सगळी गल्ली चर्चला गेल्यावर त्या खिडकीशी एकटाच उभा असलेला तो असे. मग कारखाना बंद पडला, भट्ट्या विझल्या, काकाने गावातच यंत्रदुरुस्तीचे दुकान घातले, आणि त्याच सुमारास त्याच्या पत्रांतून तो देश हळूहळू कूस पालटू लागला. ज्यांच्या आजोबांनी कामगारांच्या बाजूने मते दिली होती, ती माणसे आता म्हणत होती की सरकार घेते फार आणि देते थोडे. की न्यायालयाने शाळेतून प्रार्थना काढून नेली. की मोठ्या शहरांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली असून घर, देऊळ आणि मुलांची मर्यादा आता त्यांनीच सांभाळायची आहे. घरोघर नावानिशी पत्रे येत. बायका हातात याद्या घेऊन दारे ठोठावीत आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून बोलत. काकाने लिहिले होते, ‘दादा, ही माणसं मला आपल्यासारखीच वाटतात. देव, घर आणि कष्ट. एवढंच तर मागतात.’

त्या दिवशीच्या पत्रात मात्र त्याचे स्वतःचे मागणे होते. शेजारची एक विधवा बाई, चर्चमध्ये गाणारी आणि त्या नव्या जोमाने उठलेल्या पक्षाची गावातली कार्यकर्ती, घरी केलेला केक घेऊन त्याच्याकडे आली होती. पक्षाची खूण हत्ती. निवडणुकीच्या आधी चर्चच्या सभागृहात सहभोजन व्हायचे होते. प्रत्येक पानापाशी मातीचा एक लहानसा हत्ती ठेवता येईल का, तुमचे भाऊ मूर्ती घडवतात ना, असे तिने विचारले होते. पत्राच्या तळाशी काकाने लिहिले होते, ‘बारा वर्षांत इथं माझ्याकडे कुणी काही मागितलं नव्हतं.’ बाबांनी ती ओळ दोनदा वाचली, पत्रासोबत आलेले हत्तीचे छापील चित्र भिंतीवरच्या खिळ्याला अडकवले, आणि हातातली मूर्ती तशीच ठेवून नवा गोळा मळायला घेतला.

माझा मामा रोह्याला राहायचा आणि धाटावच्या एका कंपनीत शिफ्टला जायचा. युनियनमध्ये त्याचा शब्द चाले. सकाळपाळी सुटली की कधी कधी तो वालाच्या शेंगांची पिशवी घेऊन एसटीने पेणला येई. रांगेतले करडे हत्ती पाहून तो दारातच थबकला.

“भावोजी, तुमचा भाऊ मालकांच्या पार्टीत गेला म्हणायचा!”

“गेला तं गेला.”

“गेला तं गेला नाय. संप केला की थेट घरी पाठवा म्हणतात ती लोकं. आमचा सायेब पण हल्ली तीच भाषा बोलाय लागलाय. उद्या माझी नोकरी गेली तं काय तुमच्या हत्तींना हार घालू?”

“तुझी नोकरी गेली तं हितं ये. माती मळायला माणूस कमीच हाय.”

मामा हसला, पण पूर्ण नाही. “हत्ती पाठवताय तं सोबत अंकुश पण पाठवा,” तो म्हणाला, “लागंल त्यांना.” आई आतून ओरडली, “गप रे, आधी शेंगा सोल!”

बाबांनी आयुष्यात कधी साधा हत्ती केला नव्हता. कान, सोंड, कपाळ हे सारे त्यांच्या बोटांना पाठ होते. चार पायांवर उभे राहणारे धड मात्र त्यांना परके होते. त्या धडासाठी त्यांनी तीन नमुने मोडले आणि चौथ्यावरून साचा घेतला. साच्यातून निघालेल्या अंगाला सुळे मात्र हातानेच लावायचे होते. तळहातावर मातीची वात वळायची, कापायची, चिकटवायची. तिसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर मी फळीपाशी उभी राहिले. दुपारचे ऊन पत्र्याच्या फटीतून येऊन हत्तींच्या पाठींवरून सरकत होते. सव्वाशे हत्ती होते, आणि प्रत्येकाचा एक सुळा पूर्ण, दुसरा अर्धा होता. बाबा पुढचा हत्ती घेत होते, आणि त्यांची बोटे कसलाही विचार न करता एक वात लांब कापत होती, एक आखूड. लहानपणापासून त्या बोटांनी घडवलेला प्रत्येक जीव एकदंतच होता. भिंतीवरच्या चित्रातला हत्ती एका बाजूने उभा होता. त्याचा दुसरा सुळा कुणालाच दिसत नव्हता.

मला बोलता आले असते. वाक्य ओठांपर्यंत आलेही, पण त्याला माझ्या शाळेतल्या बाईंचा स्वर होता, दुसऱ्याची चूक दाखवताना किंचित उंचावणारा, आणि त्या स्वरात मला बाबांशी बोलायचे नव्हते. शिवाय ते हत्ती सुंदर दिसत होते. डोळ्यांची आखणी बाबांनी इतक्या सावकाश केली होती की त्या अर्धोन्मीलित डोळ्यांपुढे काही सुचवणेच मला आगाऊपणाचे वाटले. बाबांनी स्वतः एकेक हत्ती पेंढ्यात बसवला, खोक्याला खिळे ठोकले, आणि खोके मुंबईच्या आडत्यामार्फत बोटीवर चढले.

दिवाळी उलटल्यावर पातळ निळ्या कागदावरचे पत्र आले. काकाचे नव्हे, त्या शेजारणीचे, बाबांच्या नावे, इंग्रजीत. आमच्याकडे इंग्रजी वाचणारी मी एकटीच, म्हणून कारखान्यात उभी राहून मी ते मराठीत सांगू लागले. भोजन छान झाले होते. पक्ष जिंकला होता. काकाने संध्याकाळभर सगळ्यांना कॉफी वाढली होती. मग लिहिले होते, ‘खोके उघडले तेव्हा तुमच्या भावाचा चेहरा उतरला. समुद्र खवळलेला असावा, वाटेत सुळे मोडले, असे ते म्हणाले. पण तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. आम्ही अकराजणी दोन दुपारी चर्चच्या स्वयंपाकघरात बसलो, आणि दात कोरायच्या काड्या नि कणीक घेऊन प्रत्येक हत्तीला त्याचा सुळा परत दिला.’

सोबत फोटो होता. लांब टेबल, बायकांच्या हातांत हत्ती, आणि त्यांच्या मधोमध टाय लावलेला काका. तसा हसताना मी त्याला कुठल्याच फोटोत पाहिले नव्हते. नवे सुळे बाबांच्या सुळ्यांपेक्षा जरा पांढरे होते.

“सगळ्यांना लावले?” बाबांनी विचारले.

“सगळ्यांना.”

“हातानं?”

“व्हय, हातानं.”

आई सुपातले तांदूळ तसेच ठेवून म्हणाली, “म्हंजे भावजी खोटं बोलले की वो. गणपतीचा दात त्यांना ठाऊक नाय व्हय?”

“ठाऊक हाय,” बाबा म्हणाले. “म्हणून तं बोलला.”

पुढे कॉलेजात मी राज्यशास्त्र घेतले, आणि त्या देशातल्या त्या वळणावर लिहिलेली जाड पुस्तके वाचली. कर, न्यायालये, चर्च, बंद पडलेले कारखाने. कुणाला काय परत हवे होते आणि त्याची किंमत कुणी मोजली, हे सारे त्यांत आहे. ती भाषा इकडेही पोचली. मामाच्या कंपनीत कायमची माणसे कमी होत गेली, ठेकेदाराची वाढत गेली, आणि एके दिवशी मामा खरोखरच आमच्या पडवीत माती मळायला बसला, त्या दिवशी त्याने एकही विनोद केला नाही. त्या पक्षाचे म्हणणे मला पटत नाही. तरी वाचता वाचता पान धूसर होते आणि एका परक्या स्वयंपाकघरात अकरा बायका चष्मे सावरत, पिठाने माखलेल्या बोटांनी, न पाहिलेल्या एका माणसाचे काम पुरे करताना दिसतात. त्यांना कुठल्या मुद्द्याखाली बसवावे हे मला कळत नाही.

त्या दिवशी पत्र ऐकून झाल्यावर बाबांनी हात धुतले, पंच्याला पुसले. “उत्तर लिही,” ते म्हणाले. “लिही, बांधताना पेंढा कमी पडला. चूक माझी.”

मी लेखणी उघडली आणि तशीच धरून राहिले. तोंडातून शब्द निघाले ते माझे मलाच अनोळखी वाटले. “बाबा, मी पायलं होतं. पाठवायच्या आधीच.”

“मग बोलली का नाय गो?”

त्यांनी फोटो पुन्हा उचलला, खिडकीशी नेला, उजेडात तिरपा धरला.

“बरं केलंस,” ते म्हणाले. “बोलली असतीस तं दोन-दोन लावले असते मी. मग त्या बायांनी काय लावलं असतं?”

मी लिहिले. त्या पत्रातले पेंढ्याचे तेवढे एकच वाक्य खोटे होते, आणि तेच मी सर्वांत घोटीव अक्षरात लिहिले. ते कुणासाठी लिहिले, काकासाठी, त्या बायांसाठी की बाबांसाठी, हे मला अजूनही ठरवता आलेले नाही.