कॉलेजची उगवण किती?

दुकानामागच्या खोलीत रिकाम्या पोत्यांची थप्पी लागते. मुद्दाम कोणी साठवत नाही, पण फेकतही नाही. घरातल्या गोष्टींचंही तसंच होतं. कुणाला सांगितल्या नाहीत की साचत जातात.

मी लग्न होऊन अकोल्याकडच्या मालेगावला आले. पुढे सासऱ्यांचं कृषी केंद्र, मागे घर, मधे एक पडदा. पडद्याच्या अलीकडे मी. लग्न ठरताना शब्द दिला होता, मुलीला पुढे शिकवू. मला जाहिरातीची पदवी करायची होती. त्याला आजतागायत कोणी नाही म्हटलेलं नाही. फक्त कॉलेज ठरेना.

सुरुवात शेजारच्या काकूंनी केली. त्या सासूबाईंना विचारायला आल्या, सून काय शिकणार म्हणून. सासूबाईंनी जमेल तसं सांगितलं. काकू बराच वेळ आमच्या बाहेरच्या भिंतीकडे बघत राहिल्या. तिथे कीटकनाशकाची जाहिरात रंगवलेली आहे, भली मोठी अळी आणि तिच्यावर लाल फुली.

"हे शिकाले कॉलेज लागते? अन् नवऱ्यानं शिडी धरा लागंल का मंग?"

त्या आठवड्यात वैभव, म्हणजे माझे पती, शिडी दिसली की हसायचे. मीही हसायचे. एकटी असले की मात्र त्या अळीकडे बघत बसायचे. चांगली काढली होती हो.

सासूबाईंची कॉलेज निवडायची रीत सोपी होती. त्या गावात आपलं कोण आहे? नागपूरला त्यांची मावसबहीण होती. मी खूश झाले, कारण मला नागपूरच हवं होतं. मग कळलं की बहिणीशी एका लग्नातल्या आहेराच्या साडीवरून बोलणं बंद आहे. नागपूर बाद. पुण्यात कोणीच नाही, म्हणून पुणे बाद. अकोल्यात सगळेच आहेत. तर म्हणाल्या, "मंग पोरगी अभ्यास कवा करंल? पाव्हणपणच करत राहीन."

अकोलाही बाद.

वैभवना विचारलं की ते म्हणायचे, तू ठरव. मी नागपूर म्हटलं की म्हणायचे, बाबांना विचारतो. मग समोर गिऱ्हाईक यायचं. सीझनमध्ये गिऱ्हाईक येतंच. जेवताना आम्ही दोघं बियाण्यावर बोलायचो. मला आता सोयाबीनच्या सगळ्या जाती पाठ आहेत, नवऱ्याला कोणता रंग आवडतो ते अजून माहीत नाही.

सासरे बियाणं कंपनीच्या शब्दावर विकत नाहीत. प्रत्येक लॉटमधले शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतात आणि कोंब मोजतात. कमी उगवलं तर माल परत. एक दिवस त्यांनी माझ्याकडून कॉलेजांचे नंबर मागून घेतले आणि पहिलाच फोन लावला. पडद्याआडून मला त्यांचं बोलणं ऐकू येत होतं.

"शंभर पोरं टाकली, तर उगवते किती?"

पलीकडचा माणूस नम्रपणे म्हणाला असावा की काका, हे कृषी कॉलेज नाही. सासऱ्यांनी फोन ठेवला.

"सांगत नाई, म्हन्जे उगवण कमी हाये."

अशी तीन कॉलेजं परत गेली. उरली अमरावती. तिथल्या मुलीने बिचारीने खरा आकडा सांगितला. सासरे म्हणाले, "पन अमरावतीले कारंजाले गाडी बदला लागते." आणि पावती फाडायला लागले.

त्याच दिवशी सासूबाईंना मी माहेरी जायचं विचारलं. माझं माहेर धनज, कारंजाच्या पुढे. त्या म्हणाल्या, सीझन सरू दे. आमच्या घरात सगळं सीझननंतर असतं.

मग भोंग्याचं झालं. रफीकभाईंची रिक्षा दरवर्षी आमच्या दुकानाची जाहिरात गावोगाव फिरवते. जुनं रेकॉर्डिंग खराब झालं होतं. वैभवनी मला मजकूर लिहायला सांगितला. आवाज कोणाचा, यावर अडलं, तेव्हा मीच मोबाइलवर बोलून दिलं. सासूबाईंची एकच अट होती, सुनेचा आवाज आहे हे बाहेर कळता कामा नये.

"शेतकरी बंधूंनो, उगवण तपासलेलं बियाणं आलं आहे. घाई नाही. पण पेरणीआधी एकदा येऊन जा."

एवढंच. घरात माझा आवाज फारसा कोणी ऐकला नव्हता, तो मानोऱ्याच्या तांड्यांपर्यंत जाऊन आला. संध्याकाळी रिक्षा परतली की मला उगीच वाटायचं, माझंच कोणीतरी फिरून घरी आलं.

परवा रफीकभाई संध्याकाळी दुकानात आले. मी चहा घेऊन पडद्याशी उभी होते. सासऱ्यांना ते सांगत होते की सेठ, आज गंमत झाली. कारंजाकडची गावं करत धनजला गेलो, तर एका बाईनं रिक्षाच अडवली.

"म्या म्हन्लं, बियानं पायजे का? थे म्हने, बियानं नको, हेच लाव अजून एकडाव."

त्यांनी लावलं. बाई ओट्यावर बसली. संपलं की पुन्हा लावायला सांगायची. गल्लीतली पोरं गोळा झाली.

"अन् सेठ, भोंगा म्हन्ते ना, पेरणीआधी एकदा येऊन जा? तर थे बाई भोंग्यालेच म्हने, तूच येऊन जा ना व माय."

रफीकभाई हसले. वैभव हसायला लागले आणि मधेच थांबले. सासऱ्यांनी पडद्याकडे पाहिलं नाही. टेबलावरच्या गोणपाटाची गुंडाळी ते उगाच उलगडत राहिले.

"सूनबाई."

"जी."

"कारंजावरून अमरावतीची गाडी धनजवरूनच जाते ना?"

"हो बाबा."

"थांबते?"

"थांबते."

"मंग अमरावतीची उगवण बरी हाये," ते म्हणाले, आणि रफीकभाईंना म्हणाले, "चहा घे."