हिल्काने दिव्याची वाट न पाहता खेचलेलं कार्ड

फिनलंडमधल्या ओउलू शहरातल्या त्या प्रयोगशाळेत हिल्का राउतिओचा हुद्दा सगळ्यांत खालचा आणि आवाज सगळ्यांत ठाम. काम चाचणीचं, म्हणजे दुसऱ्यांनी मन लावून बांधलेली यंत्रं पडतात का ते पाहायचं. वीस वर्षं तिने टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती. पुढे एक्स्चेंजच्या जागी संगणक आले आणि त्यांच्या पाठोपाठ हिल्काही इकडे आली. ही बाई संगणकाशी खाष्ट सासूसारखी वागते, असं नवे इंजिनीअर म्हणत. त्यात खोटं काही नव्हतं, आणि तिला ते ऐकून बरंच वाटायचं.

टेलिफोनचा संगणक बंद पडून चालत नाही. वर्षाकाठी सगळी मिळून पाच मिनिटं, वर एक मिनिट नाही. म्हणून आतल्या प्रत्येक कार्डाला, म्हणजे उपटून काढता येणाऱ्या सर्किटच्या पाटीला, एक जोडीदार असतो. एक पडलं की दुसऱ्याने तत्क्षणी काम उचलायचं. पूर्वी जो तो हे आपापल्या पद्धतीने करी आणि एकाचं कार्ड दुसऱ्याच्या यंत्राच्या कपाटात चालत नसे. शेवटी वीसेक कंपन्यांनी मिळून एक संघ काढला. एरवी एकमेकींची गिऱ्हाइकं पळवणाऱ्या ह्या कंपन्यांची माणसं वर्षातून चारदा एकत्र बसत, नियम लिहीत आणि ते कोणालाही वाचायला खुले ठेवत. भांडतही पोटभर. बैठक ओउलूत असली की उरलेलं भांडण सौनात, म्हणजे वाफेच्या खोलीत, उघड्या अंगाने मिटे.

२००७च्या मार्चमध्ये सामाईक चाचणी ओउलूत भरली. सहा कंपन्या आपापली कपाटं घेऊन आल्या. ह्या चाचणीची एक रीत होती. पडलेल्याचं नाव खोलीबाहेर जात नसे, बाहेर जाई ती फक्त उत्तीर्णांची यादी. शिवाय निकालाच्या कागदावर यंत्राच्या मालकाची सही लागे. सही नसली तर ती चाचणी झालीच नाही असं धरत. ओस्सी हा हिल्काच्या तुकडीचा प्रमुख. त्याच्या आठ माणसांनी तीन वर्षं खपून यंत्र उभं केलं होतं, आणि दक्षिणेतल्या मुख्य कचेरीने बजावून ठेवलं होतं: यादीत नाव आलं नाही तर तुकडी बंद.

चाचणी दिसायला सोपी. ओस्सी एका खोलीत फोनवर, अमेरिकेतल्या ओरेगॉनहून आपल्या कंपनीचं कपाट घेऊन आलेला, संघाचा चाचणीप्रमुख ग्लेन दुसऱ्या खोलीत फोनवर, आणि त्यांचं बोलणं यंत्रातून जाणार. मधल्या दालनात हिल्काने चालू कार्ड उपटायचं. बोलणं तुटलं नाही की पास. कार्डाची मूठ अर्धी उघडली की निळा दिवा लुकलुकतो, तो स्थिर झाला की कार्ड काढायचं. आजवर सगळ्यांनी दिव्याची वाट पाहिली होती. फिन्निश माणूस रिकाम्या रस्त्यावरही लाल सिग्नलला थांबतो. ह्या दिव्यापुढे साऱ्या देशांची माणसं फिन्निश झाली होती.

हिल्काने मूठ धरली आणि कार्ड सरळ खेचून काढलं.

ओस्सी धावत आला. "फोन तुटला! दिवा लागला होता का?"

"मी पाहिलाच नाही."

"पाहिला नाहीस? हिल्का, शुद्धीवर आहेस ना? आठ जणांच्या पोटावर पाय देतेयस!"

"जळणारं कार्ड तुझी परवानगी मागतं का रे? मूठ उघडून, 'जाऊ का मी' म्हणून विचारतं?"

ग्लेनही येऊन पोचला होता. त्याने ओस्सीच्या खांद्यावर हात ठेवला. "सही करू नकोस. सही नाही म्हणजे झालंच नाही. दिवा पाहून परत खेचू दे तिला, संपला विषय."

ओस्सी हिल्काकडे पाहत राहिला. तिने कोपऱ्यातल्या टेबलावर जाऊन कपात कॉफी ओतली.

"एक्स्चेंजमध्ये होते तेव्हा कुसामो गावाहून एका बाईचा फोन आला," ती म्हणाली. "नवरा अंगणात पडलाय, डॉक्टर द्या, म्हणाली. मी जोडून दिला आणि लाइन गेली. पुढे काय झालं ते मला आजतागायत ठाऊक नाही. तेव्हाही कागदोपत्री सगळं उत्तीर्णच होतं."

तिचा आवाज पहिल्यांदाच कापला. तिला स्वतःच्याच आवाजाचा राग आला आणि तिने कप खाली आदळला.

"तू काय केलं असतंस?" ओस्सीने हळूच विचारलं.

"माझी सही चालत नाही. चालत असती तर एव्हाना शाई वाळली असती."

ओस्सीने कागद ओढला, 'नापास' ह्या शब्दाखाली सही केली आणि पेन ग्लेनपुढे धरलं. ग्लेन स्वतःच्या कपाटाकडे पाहत होता. मग म्हणाला, "आमचंही तसंच खेच."

तेही पडलं. दोनच्या कॉफीपर्यंत सहांतली चार कपाटं पडली होती. वेलदोड्याचा गोड पाव त्या दिवशी कोणाच्या घशाखाली उतरेना. हिल्काने मात्र दोन खाल्ले. संघाने यादी काढलीच नाही. जूनमध्ये सगळ्यांची फेरचाचणी, दिव्याशिवाय, असं ठरलं. मुख्य कचेरीने ओस्सीच्या तुकडीला तेवढीच मुदत दिली.

दोष सापडायला दोन दिवस पुरले: चालू कामाची खबर जोडीदार कार्डाला दिवा लुकलुकल्यावरच मिळत होती. ती क्षणाक्षणाला मिळावी अशी सोय करण्यात अकरा आठवडे गेले. हिल्का रोज सकाळी येई, एक कार्ड उपटे, "पडलं" म्हणे आणि कोट काढून खुंटीला लावी. शेवटच्या आठवड्यात तिने "पडलं" म्हणायचं सोडलं. पण "टिकलं" असंही ती म्हणेना, त्यामुळे ओस्सीची झोप उडाली.

जूनमध्ये पुन्हा तीच माणसं, तेच दालन. ओस्सी फोनपाशी बसला. पलीकडून ग्लेन मासेमारीची गोष्ट सांगत होता. ओस्सीचं लक्ष मासळीत नव्हतं, तो कान टवकारून फोन तुटायची वाट पाहत होता. पाच मिनिटं झाली, सात झाली. हिल्का दारात येऊन उभी राहिली.

"अगं, खेच ना एकदाचं!" फोनवर हात ठेवून तो ओरडला. "किती जीव टांगणीला लावतेस?"

हिल्का पुढे आली आणि हातातलं कार्ड तिने त्याच्यासमोर टेबलावर ठेवलं. ते अजून कोमट होतं. फोनमध्ये ग्लेनचा मासा नुकता कुठे गळाला लागत होता.