आरमार कोणत्या कलमाखाली आले?

मे १९६२. मी अलिबाग सोडले. जबाबदार: मी, आणि काही अंशी कुळकायदा.

जून १९६७. सुएझचा कालवा बंद पडला, तो आठ वर्षे बंद राहिला. जबाबदार: त्याच्या दोन्ही काठांवरची सरकारे आणि त्यांना शस्त्रे विकणारी बडी राष्ट्रे.

डिसेंबर १९७१. अमेरिकेचे आरमार बंगालच्या उपसागरात आले. जबाबदार: त्या देशाचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष.

ऑगस्ट १९७४. त्याच राष्ट्राध्यक्षांनी राजीनामा दिला. जबाबदार: ते स्वतः. त्याच महिन्यात मी माझ्या वडिलांना एक पत्र पाठवले आणि ते वेळेवर पोचले नाही. जबाबदार: मी.

ऑक्टोबर १९७४. वडील गेले. येथे जबाबदार कोणी नाही. ते शहात्तर वर्षांचे होते.

डिसेंबर १९७४. माझा धाकटा भाऊ वसंत याने मला कळवले की, माझे ते पत्र मिळाले. केव्हा मिळाले, ते लिहिले नाही. स्वतःच्या पत्रावर तारीखही घातली नाही. जबाबदार: वसंत, मुक्काम अलिबाग.

वडिलांनी, म्हणजे आमच्या दादांनी, माझे पत्र वाचले की पत्र येण्यापूर्वीच ते गेले, एवढा एकच प्रश्न मी पाच वर्षे विचारतो आहे. खाजगीत विचारून झाला. आता आपल्या मंडळाच्या परिपत्रकात विचारतो. बर्मिंगहॅम, लेस्टर, पिनर येथील आपली कुटुंबे ते वाचतात आणि त्याची एक प्रत माझ्या वर्गणीतून अलिबागला जाते. संपादकांनी एरवी माझ्या जागतिक घडामोडींवरील मजकुराला कात्री लावली, तरी याला लावू नये.

रेवसच्या धक्क्यावर दादा मला पोचवायला आले होते. लाँच सुटायला अवकाश होता. एस.टी.तून उतरल्यापासून ते काखेतला पेपर उघडून उभे होते, कारण मुलगा विलायतेला चालला म्हणून त्या दिवशीचा अग्रलेख वाचायचा नाही, असा त्यांच्याकडे नियम नव्हता. ते जिल्हा न्यायालयात शिरस्तेदार होते. बत्तीस वर्षे दुसऱ्यांचे कागद क्रमाने लावून निवृत्त झाले होते. मी त्याच न्यायालयात वकिली करीत असे. माझे पक्षकार जमीनमालक. कुळकायद्याने त्यांच्या जमिनी गेल्या, त्यांच्यामागून माझी वकिली गेली. ज्याच्या नावावर सातबारा आहे त्याला सरकार एका दिवसात ‘तू आता मालक नाहीस’ असे सांगू शकते, हे मला तेव्हा पटले नाही आणि आजही पटत नाही. इंग्लंडचा दरवाजा जुलैत बंद होणार, असे कळल्यावर मी मेमध्येच निघालो.

लाँचचा भोंगा वाजला तशी दादांनी पेपराची घडी केली आणि म्हणाले, “गजानन, पत्रात हवापाणी लिहू नकोस. तिथे थंडी आहे हे मला माहीत आहे. जगात काय चाललंय ते लिही. तुझं मत लिही. मताला कारण जोड आणि कारणाला निशाणी जोड.”

न्यायालयात पुरावा म्हणून जो कागद दाखल होतो, त्याला निशाणी म्हणतात. आमच्या घरी तो रोजचा शब्द होता. ‘आंबा आंबट आहे’ एवढे म्हटले तरी दादा हात पुढे करून “निशाणी?” असे विचारीत, आणि फोड द्यावी लागे.

बर्मिंगहॅममध्ये माझ्या सनदेला कोणी विचारले नाही. एका इंजिनिअरिंग कारखान्याच्या ऑफिसात मी करारांचे मसुदे तपासू लागलो. सहा महिन्यांनी सुमती आली, पुढच्या वर्षी मीना झाली. टेरेस हाउसच्या पुढच्या खोलीत पॅराफिन हीटरजवळ बसून दर रविवारी सकाळी मी दादांना एअर लेटर लिहीत असे. निळा, तीन घड्यांचा, स्वतःच पाकीट होणारा तो कागद तुमच्यापैकी प्रत्येकाने चिकटवला आहे. त्याच्या तिन्ही बाजू मी कलमवार भरीत असे. आणि तिकडून उत्तर येई तेही कलमवार.

मी अमेरिकेच्या बाजूचा. दादांच्या लेखी मी तिचा वकीलच होतो. माझे म्हणणे सरळ होते. जेथे मालमत्ता सुरक्षित आहे, न्यायाधीश सरकारला घाबरत नाहीत आणि सत्ताधारी मुदत संपली की मुकाट्याने घरी जातो, त्या देशाच्या बाजूला उभे राहावे. रशिया आणि चीन यांच्या राज्यघटना वाचायला सुंदर आहेत. त्यांच्याखाली जगणाऱ्याला मात्र फिर्याद दाखल करायला खिडकी नाही. बासष्टच्या नोव्हेंबरात चीनविरुद्ध अमेरिकेची मदत आली, तेव्हा दादांनी लिहिले, “एक मुद्दा तुझ्या बाजूने नोंदवला आहे. हुरळून जाऊ नये.” पुढच्या वर्षी तिथल्या तरुण राष्ट्राध्यक्षाचा खून झाला आणि काही तासांत दुसऱ्याने शपथ घेतली. रणगाडे रस्त्यावर आले नाहीत, हे मी लिहिले. तोही मुद्दा मला मिळाला. अडुसष्टमध्ये इथल्या सरकारने केनियातल्या भारतीयांना त्यांच्या हातात ब्रिटिश पासपोर्ट असताना अडवले. मी इथल्या सायंदैनिकाला पाच पत्रे लिहिली, एक छापून आले. पासपोर्ट हे सरकारने दिलेले वचन आहे आणि वचन मागाहून बदलता येत नाही, असे मी लिहिले होते. दादांनी ते कात्रण ओटीवर चार निवृत्त मंडळींना वाचून दाखवले, असे वसंताने कळवले. मी त्या आठवड्यात ऑफिसात थोडा ताठ चालत होतो.

पोस्टाच्या युनियनने एकाहत्तरच्या सुरुवातीला सात आठवडे संप केला, तेव्हा आमचा पत्रव्यवहार प्रथमच तुटला. दुसऱ्याची पत्रे अडवून स्वतःची मागणी पुढे करणे याला मी चळवळ म्हणत नाही. पण तो खंड संपला. खरा खंड पुढे पडला, आणि तो कोणा युनियनने पाडला नव्हता.

त्याच वर्षी डिसेंबरात बांगलादेशचे युद्ध झाले आणि भारताला दरडावायला अमेरिकेचे आरमार बंगालच्या उपसागरात शिरले. दादांचे पत्र आले. नऊ वर्षांतले सर्वांत लहान. “अमेरिका हे कायद्याचे राज्य आहे, असे तू लिहीत आला आहेस. आरमार कोणत्या कलमाखाली आले, ते कळवावे. हा प्रश्न मी ओटीवर सर्वांसमक्ष विचारला आहे. उत्तर येईपर्यंत दुसरा विषय काढणार नाही.”

माझ्याकडे उत्तर नव्हते. एवढे लिहिले असते तरी चालले असते. पण ज्याने नऊ वर्षे मुद्दे जिंकले, त्याला ते लिहिता येईना. मी लिहिले, “इकडे बर्फ पडले. मीनाला खोकला आहे.” त्यांनी लिहिले, “इकडे थंडी बेताची. वाल चांगला आला आहे.” अडीच वर्षे आम्ही हवापाणी लिहिले. युगांडातून हाकललेल्या आपल्या लोकांना इथल्या सरकारने बहात्तरमध्ये आत घेतले. मी ज्या जुन्या वळणाच्या पक्षाला मत देतो, त्याने वचन पाळले, आणि ते मी त्यांना सांगितले नाही. अरबांनी तेल महाग केले, इथले कारखाने आठवड्याला तीन दिवसांवर आले, मेणबत्त्या लावून आम्ही जेवलो. दादांना मी लिहिले, “दिवस लहान झाले आहेत.”

“अहो, बाप-लेक आहात की दोन हवामान खाती?” सुमती म्हणाली. “लिहून टाका की चुकलं म्हणून. जीभ झडणार नाही. लिहायला तर जीभ लागतही नाही.”

“चुकलो असतो तर लिहिलं असतं.”

“मग चुकला नाहीत तर तसं लिहा. तेही लिहीत नाही तुम्ही.”

चौऱ्याहत्तरच्या ऑगस्टात एका सकाळी मीना स्वयंपाकघरातून धावत आली. तिचे मराठी इथल्या शाळेतले. “बाबा, तुमची प्रेसिडेंट रिझाइन केला! रेडिओवर सांगते!”

मी उभा राहिलो. न्यायालयाने त्या माणसाला त्याच्याच कचेरीतल्या गुप्त संभाषणांच्या ध्वनिफिती हजर करायला सांगितल्या होत्या. सगळे सैन्य त्याच्या हुकमात होते, तरी त्याने त्या हजर केल्या, आणि त्या फितींनीच त्याला घरी पाठवले. मला वाटले, हे माझे उत्तर. त्याच रात्री सायंदैनिकाला पत्र धाडले. आठवड्याने ते छापून आले, कापून दोन परिच्छेदांचे केलेले, पण माझ्या नावाने.

रविवारी दादांना लिहिले. कलम एक: आरमार कोणत्याही कलमाखाली आले नाही. ते चूक होते आणि मी ते अडीच वर्षे कबूल केले नाही, ही माझी दुसरी चूक. कलम दोन: ज्या माणसाने ते पाठवले, त्याला त्याच्याच देशाने एका कागदाने खाली उतरवले. मी त्या देशाच्या बाजूने का बोलतो, त्याचे हे कारण. कलम तीन: जानेवारीत रजा काढून येतो. उरलेले ओटीवर बोलू. सोबत निशाणी क्रमांक एक.

आणि मी ते कात्रण घडी करून एअर लेटरच्या आत सरकवले.

“अहो, त्याच्या आत काही घालायचं नसतं ना? वर छापलंय,” सुमती म्हणाली.

“एवढासा कपटा. कोण बघतंय?”

हे वाक्य मी उच्चारले. करारातल्या बारीक अक्षरांसाठी ज्याला पगार मिळतो, त्याने. एका राष्ट्राध्यक्षाची खुर्ची याच समजुतीपायी गेली होती आणि मी त्याच आठवड्यात त्यावर छापील प्रवचन दिले होते. एअर लेटरवर स्पष्ट लिहिलेले असते की आत काही घातल्यास पत्र साध्या टपालाने जाईल. साधे टपाल म्हणजे बोट. सुएझ तेव्हाही बंद होता. बासष्टमध्ये ज्या कालव्यातून मी आलो, त्यातून माझे पत्र जाऊ शकत नव्हते. ते आफ्रिकेला वळसा घालून निघाले.

ते समुद्रावर असतानाच, सप्टेंबरात, नव्या राष्ट्राध्यक्षाने जुन्याला माफी देऊन टाकली. खटलाच नाही. माझे दुसरे कलम वाटेतच लंगडे झाले. मी रोज दादांच्या पत्राची वाट पाहत होतो. त्यांचा प्रत्येक शब्द मला ऐकू येत होता: “माफी कोणत्या कलमाखाली, तेही कळवावे.” त्यासाठी मी कागद तयार ठेवला होता.

ऑक्टोबरात तार आली.

डिसेंबरात वसंताचे पत्र आले. त्यात एक ओळ होती: “तुझे ऑगस्टचे पत्र मिळाले, वर ‘साध्या टपालाने’ असा पोस्टाचा जांभळा शिक्का होता, आत कात्रण होते.” एवढेच.

शहात्तरमध्ये मी अलिबागला गेलो. आणीबाणी होती. ओटीवर लोक आवाज खाली आणून बोलत होते. ज्या वर्तमानपत्रांवर मी वाढलो, त्यांत वाचण्यासारखे काही उरले नव्हते. दादांना हे पाहावे लागले नाही, एवढेच बरे. त्यांची फाइल कपाटात होती. माझे प्रत्येक पत्र, वर लाल शाईत क्रमांक आणि मिळाल्याची तारीख. हवापाण्याच्या पत्रांनाही क्रमांक होते. ऑगस्टचे पत्र फाइलीत नव्हते.

“वसंता, ते पत्र कुठे आहे?”

“असेल कुठेतरी. भाऊ, तू चहा घे आधी.”

“दादांनी वाचलं का?”

“आता कशाला ते उकरतोस? चौदा वर्षांनी आलायस, जरा समुद्रावर जाऊन ये.”

“हो की नाही, एवढंच सांग.”

त्याने कपबशी उचलली आणि आत गेला. वसंताची बायको, जी दादांना रोज औषध देत असे, ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, “भावोजी, त्यांना नका विचारू.”

आज १९७९चा नोव्हेंबर आहे. तेहरानमध्ये अमेरिकेच्या वकिलातीतली माणसे ओलीस धरली आहेत. वकिलातीचा उंबरठा ओलांडायचा नाही, हा जगातल्या सर्वांत जुन्या कायद्यांपैकी एक आहे, आणि जो देश तो मोडतो त्याला गाऱ्हाणी कितीही खरी असली तरी माझी सहानुभूती नाही. वॉशिंग्टनचे सरकार भला माणूस चालवतो आहे, पण भलेपणाने उंबरठे राखले जात नाहीत. लंडनमध्ये मे महिन्यापासून एक बाई पंतप्रधान आहेत. मी त्यांना मत दिले. युनियनला कायद्याखाली आणतात का, ते पाहायचे. दिल्लीत सरकार पडले आहे. हे सगळे मी तुम्हांला सांगतो आहे, कारण ज्यांना सांगायचे ते नाहीत. तुम्ही मान डोलावता आणि विषय बदलता. “निशाणी?” असे कोणी विचारीत नाही.

मीना मला विचारते, “बाबा, होम म्हणजे इथे की तिथे?” सतरा वर्षांत मला इथे छप्पर मिळाले, पेन्शन मिळेल, शेजारीही बरे मिळाले. तिथे आता माझ्या नावाची खोली नाही, आणि त्याला माझी हरकत नाही. पण जेथे माझे मत चुकले तर कोणी अडीच वर्षे रुसून बसेल, ती एक जागा होती, आणि ती ओटी होती. त्या ओटीचे माझ्याकडे एक उत्तर येणे होते. ते तिथे पोचले की नाही, हे कळल्याशिवाय मला कुठलाच पत्ता माझा म्हणता येत नाही.

वसंता, मी दोन्ही शक्यता तपासल्या आहेत. पत्र उशिरा आले असेल, आणि ‘दादा वाट पाहत गेले’ हे मला सांगायला तुझी जीभ रेटत नसेल. किंवा पत्र दादा असतानाच आले असेल, ते वाचून दादा माझ्याविषयी काही बोलले असतील, आणि ते तू माझ्यापासून लपवत असशील. मी पंचावन्नाव्या वर्षात आहे. दोन्हींपैकी कोणतेही मला सोसेल. तुझे गप्प राहणे सोसत नाही. दादांनी प्रश्न सर्वांसमक्ष विचारला होता, तेव्हा उत्तरही सर्वांसमक्ष यावे. दादांनी माझे पत्र वाचले काय, आणि वाचले असल्यास ते काय म्हणाले, हे तू याच परिपत्रकाच्या पानावर तुझ्या सहीनिशी लिहावेस, अशी माझी मागणी आहे.