पायांसाठी सोडलेली गोळी

सलूनवाल्याला सगळे रेडिओदादा म्हणत. कात्री एक वेळ थांबेल, पण तोंड? छे! गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की पोरीचं लग्न कसं जमवावं इथपासून मूळव्याधीला काय खावं इथपर्यंत सल्ले फुकट.

मागे त्याच्या छातीत दुखलं, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी कोलेस्टेरॉलची गोळी लिहून दिली. "रक्तवाहिन्या तुंबू नयेत म्हणून आहे ही. कुणाकुणाचे पाय दुखतात. दुखले तर मला येऊन सांगा. मात्रा कमी करू, नाहीतर गोळी बदलू. पण आपल्या मनाने बंद करू नका."

पाय दुखलेच. धंदा दिवसभर उभ्याचा. संध्याकाळी मांड्या अशा भरून यायच्या की शटर ओढायला बायकोला यावं लागे. त्यात एका गिऱ्हाइकाने तोंडावरच्या फेसातून अक्कल पाजळली, "दादा, ती गोळी स्नायू खाते. माझ्या मेव्हण्याने सोडली, आता घोड्यासारखा पळतो." जगाला शिकवणारा हा शहाणा त्या न पाहिलेल्या मेव्हण्यावर विसंबला आणि गोळी बंद केली.

"अहो, डॉक्टरीणबाईंना एकदा विचारून तरी या," बायको म्हणाली.

"पाय माझे आहेत की त्यांचे?"

आणि पाय खरंच बरे झाले. वर्षभर तो खुशीत होता. त्याला हसताना बघून बायकोही गप्प बसली. त्या गप्प बसण्याचं आता तिला फार लागतं.

एका दुपारी दाढी करता करता त्याचा उजवा हात लुळा पडला. वस्तरा खाली पडला, गिऱ्हाईक वाचलं. मेंदूची रक्तवाहिनी तुंबली होती. गोळी चालू असती तर हे टळलंच असतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या नाहीत. "धोका कमी झाला असता," एवढंच म्हणाल्या. बायकोला तेवढंही सोसलं नाही.

हात गेला, वाचा गेली. पाय मात्र ठणठणीत. अजून रोज सकाळी तो चालत दुकानात येऊन बसतो. वस्तरा आता धाकटा भाऊ चालवतो.

परवा शेजारच्या खुर्चीतले म्हातारबाबा भावाला म्हणाले, "पाय फार दुखतात रे. सोडून द्यावी म्हणतो ती कोलेस्टेरॉलची गोळी."

रेडिओदादाने डाव्या हाताने त्यांची बाही घट्ट धरली. 'आधी विचारा', एवढंच त्याला सांगायचं होतं. घशातून नुसती घरघर आली. डोळे भरून आले.

"काय म्हणतोय हा?" बाबांनी विचारलं.

भावाने बाहीवरचं एकेक बोट हळूच सोडवलं. "काही नाही, बाबा. त्याचं असंच चालतं. तुम्ही मान सरळ ठेवा."