मामांचा अक्षरांचा टीव्ही

कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत छापलेलं, लिहिलेलं किंवा कोळशाने भिंतीवर खरडलेलं एकही अक्षर आमच्या ह्यांच्या मामांच्या तावडीतून सुटलं नसेल. भिवपुरीच्या वीजघरात त्यांनी जन्मभर तबकड्यांवरचे काटे वाचले आणि दर तासाला वहीत आकडे लिहिले. निवृत्तीनंतर काटे तिथेच राहिले, वाचायची खोड तेवढी घरी आली. चौक गावच्या नाक्यावर भजी घेतली की भजी घरच्यांना आणि कागद मामांना. बातमी मध्येच फाटलेली निघाली तर मामा भजीवाल्याला विचारायला परत जात, "पुढचा तुकडा कोणाला दिलास रे?" एकदा तो तुकडा पुण्याकडे निघालेल्या एका गाडीतल्या गृहस्थांच्या हाती सापडला. मामांनी खिडकीतून मान आत घातली, खटल्याचा निकाल वाचला, "सुटला बरं का!" असं त्या गृहस्थांनाही सांगितलं आणि मगच चहाला आले. औषधाच्या बाटलीतली चिठ्ठी, काडेपेटीचं झाकण, देवळातल्या फरशीवरची देणगीदारांची नावं, काही म्हणून सोडत नसत. लग्नपत्रिका तर खालच्या छापखान्याच्या नावासकट वाचत.

मी लग्न होऊन त्यांच्या शेजारच्या घरात आले ती पंचविशीची, आणि शाळेतल्या वाचनस्पर्धेत मिळालेला स्टीलचा पेला माहेराहून बरोबर घेऊन. मी काय चीज होते ते यावरूनच समजावं. आल्यागेल्याला पाणी त्याच पेल्यात देई आणि त्यावर कोरलेली अक्षरं पाहुण्यांकडे येतील असा धरी. आठवड्याभरात मामांनी वर्तमानपत्र माझ्यापुढे केलं. "सूनबाई, तुमचं वाचन बघू." मी कमरेत ताठ होऊन अग्रलेख म्हटला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. मला वाटलं, सासरी आपली पारख असलेला एक तरी माणूस भेटला! बोलताना ते माझ्या चेहऱ्याकडे न पाहता जरा बाजूला, कानाकडे बघत. मी मनात म्हणे, कुड्या आवडलेल्या दिसतात. पुढचे सहा महिने मी कुड्या काढल्या नाहीत.

मग एका सकाळी त्यांनी दोरीवर वाळत घातलेल्या माझ्या जांभळ्या लुगड्याला "या, बसा" म्हटलं, तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला. मामांना समोरचं दिसतच नव्हतं. नजरेच्या ऐन मध्यावर काळा डाग, कडेकडेचं तेवढं दिसायचं. चष्म्याने भागणार नाही असं पनवेलच्या डॉक्टरांनी केव्हाच सांगितलं होतं, आणि मामांनी ते बिऱ्हाडात कोणाला कळू दिलं नव्हतं. माझी रोज परीक्षा होत होती ती यासाठी. पण मीही परीक्षा चालू ठेवली.

त्यात मोठा पेपर म्हणजे शालूचं पत्र. शालू त्यांची एकुलती एक लेक, अमेरिकेत असायची. बापलेकीचं काय बिनसलं होतं ते कोणी सांगत नसे. तिच्या लग्नाला मामा गेले नव्हते, एवढंच मला ठाऊक. दर दोन महिन्यांनी तिचं पत्र येई. 'आम्ही खुशाल आहोत. इकडे थंडी आहे. तुम्ही खुशाल असाल.' संपलं! तारेलासुद्धा याहून जास्त शब्द लागतात. पहिलं पत्र वाचलं तेव्हा मामा कान देऊन बसले होते, आणि ते संपल्यावरही तसेच बसून राहिले. "एवढंच?" म्हणाले. माझ्या तोंडून निघून गेलं, "नाही, पुढे आहे ना. 'बाबा, तुमची फार आठवण येते.'"

एकदा जीभ सुटली ती सुटली. पुढच्या पत्रात शालूला अंगणातली जास्वंद आठवली. त्याच्या पुढच्यात, देवा मला क्षमा कर, 'वहिनीच्या हातच्या तांदळाच्या भाकरीची चव अजून जिभेवर आहे' असंही तिने लिहिलं. शालूने मला जन्मात पाहिलेलं नव्हतं. मामा उत्तर सांगत, "इकडे सर्व ठीक. डोळे उत्तम." मी ते लिहून घेई आणि खाली बारीक अक्षरात आपलं घाली, 'डोळे उत्तम नाहीत. वाचता येत नाही.'

त्याचा परिणाम वर्षभराने टेंपोतून उतरला. हे एवढं खोकं! आत एक टीव्ही, लोखंडी दांड्यावर खाली मान घालून टांगलेला कॅमेरा आणि त्याच्याखाली चारी बाजूंना सरकणारा पाट. पाटावर कागद ठेवायचा, म्हणजे अक्षर पडद्यावर वीतभर मोठं होऊन दिसतं. सोबतचं इंग्रजी पुस्तक मी मोठ्या ऐटीत, हातवारे करत वाचलं आणि वायर भिंतीला लावायला निघाले.

"थांबा! मागच्या पाटीवर आकडा काय आहे?"

"असेल काहीतरी, मामा. एकशेदहा का काय."

"का काय? आपली वीज दोनशेवीसची. लेकीने पाठवलेल्या यंत्राची चूल करताय होय? सूनबाई, असेल ते सगळं वाचावं. गाळू नये आणि घालू नये."

'घालू नये' ऐकताच मी वायर खाली ठेवली. मामांनी वीजघरातल्या जुन्या सोबत्याकडून ट्रान्सफॉर्मर मागवला, जोडणी बोटांनी चाचपून स्वतः केली आणि मगच बटण दाबलं. पडद्यावर ढग आले. मी कॅमेऱ्याची चकती फिरवली तसा ढगांतून एक भलाथोरला 'क' बाहेर आला. आणखी एक बटण होतं. ते दाबलं की काळ्यावर पांढरी अक्षरं. "शाळेच्या पाटीसारखं!" म्हणून मामा त्याच रंगावर ठाम राहिले. पाट डावीकडे सरकवला की अक्षरंही डावीकडे पळत आणि मामा त्यांच्यामागे मान फिरवत. पहिल्या दिवशी चार ओळींत चक्कर आली. उठले, लिंबाचं सरबत प्यायले आणि पुन्हा बसले.

टीव्ही आल्याची बातमी शेताडीपर्यंत गेली. पलीकडच्या वाडीतली काशीबाई दारातूनच ओरडली, "आवो मामा, ह्यो कसला टीवी? नाच नाय, गाणं नाय, निस्ती अक्षरं!"

"काशी, अक्षरंच नाचतात. बस."

ती बसली, आणि दुसऱ्या दिवशी भाताचं बी ओच्यात घेऊन आली. मामांनी मूठभर दाणे पाटावर पसरले. पडद्यावर दाणे केळ्यांएवढे झाले आणि त्यांतून सोंड हलवत एक टोका किडा निघाला. "आगं बया, रेडा हाय का काय!" काशीबाई दोन पावलं मागे सरली. तेव्हापासून पेरणीआधी आख्खी वाडी बी दाखवायला मामांकडे. कोणी अंगठ्यात रुतलेलं कूस दाखवी, कोणी फक्त आपला अंगठाच बघून खूश होऊन जाई.

आणि मग मामांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं, "उद्यापासून शालूची पत्रं मी स्वतः वाचणार. पहिल्यापासून."

पत्रं मामांच्या घरी बिस्किटांच्या डब्यात असत. माझी तेव्हाची अक्कल बघा. मी भर दुपारी डबा लपवायला पदराखाली घेऊन निघाले. अंगणातच काशीबाई. "पोटात काय गं तुज्या? परवा तर सपाट व्हतीस!" मी आल्या पावली परत.

तीन दिवस भिंतीपलीकडून पाट सरकल्याची खरखर ऐकत होते. मला सुनावतील याची भीती नव्हती. त्या तीन ओळींच्या पुढे कोरा कागदच आहे, हे त्यांना दिसणार होतं, भीती त्याची होती. चौथ्या दिवशी हाक आली.

"सूनबाई, तुमचा तो पेला परत करावा लागेल."

"का हो, मामा?"

"स्पर्धेत कागदावर असेल तेच वाचायचं असतं."

मी जी रडायला लागले ती थांबेचना. मामा माझ्या कानाकडे बघत म्हणाले, "पाटावर पाणी सांडू नका. खाली वीज आहे." मग यंत्राबरोबर आलेलं जाड काळं पेन त्यांनी हातात घेतलं. "हं, सांगा आता. कोणत्या पत्रात काय होतं?"

हात कॅमेऱ्याखाली आणि नजर पडद्यावर. प्रत्येक पत्राच्या खाली, कोऱ्या जागेत, मी घातलेलं वाक्य मामा लिहीत गेले. ओळी माथेरानच्या गाडीसारख्या वळणं घेत वर चढत होत्या. आठवण लिहिली, जास्वंद लिहिली. भाकरीपाशी मी अडखळले. "तेही लिहायचं?"

"ते खरंच आहे. चव चांगली असते."

शेवटी कोरा कागद घेऊन त्यांनी लेकीला स्वतःच्या हाताने पत्र लिहिलं. मला वाचू दिलं नाही. उत्तर आलं ते जाड पाकिटातून, पानापानावर चारच शब्द, एवढी मोठी अक्षरं. तेही मला वाचू दिलं नाही. मात्र त्या दिवशी पाट संध्याकाळपर्यंत सरकत होता, आणि त्या वर्षी गणपतीला शालू आली. भाकरी तिने चार खाल्ल्या. मी मोजल्या.

मामा गेले, यंत्राचा पडदाही पुढे विझला. डबा मात्र माझ्याकडे आहे. आता माझ्याही नजरेत मधोमध धूसर झालंय. घरात कोणाला बोलले नाही. परवा नातीला हाक मारली, पत्र पुढे केलं आणि म्हटलं, "ये गं, तुझं वाचन बघू." तिने थंडी वाचली, खुशाली वाचली, मामांची ती वर चढणारी ओळ वाचली. मग घसा साफ करून पुढे वाचलं, "'वहिनी, तुमची नात फार गुणाची आहे.'"

ही पत्रं मला पाठ आहेत. मी तिच्या कानाकडे बघत राहिले.